चार वाजताचं विमान

सावळजच्या शेडवर चार वाजता
कुणी घड्याळ बघत नाही.
आभाळात पांढरी रेघ उमटली की
हौसाबाई म्हणते, "गेलं गं, चहा टाका."
आणि सगळ्या माझ्याकडं बघतात,
कारण त्या रेघेतनं मी एकदा गेलेय.

"सांग की परत," रुक्साना म्हणते.
बोटं मात्र बेदाण्यात:
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा खालच्या टोपलीत, देठ नखानं.
सांगते. कितव्यांदा ते मोजलं नाही.

पोरगा कोचीनला, गलाईच्या दुकानात.
मिरजेहून रेल्वेनं जायचे मी,
उतरताना पाय चपलेत मावायचे नाहीत.
या खेपेला नात झाली
आणि त्यानं फोनवर तिकीट धाडलं:
"पुण्यातनं बस, आई.
बाळ झोपून उठायच्या आत पोचशील."

तपासणीला पिशवी अडली.
पट्ट्यावर पुढं, मागं, परत पुढं.
दोन किलो बेदाणे
पडद्यावर खडीसारखे दिसले असणार.
शिपाईबाईनं गाठ सोडायला लावली, वास घेतला.
मी ओंजळ पुढं केली.
"ड्यूटी पे नहीं," म्हणाली,
आणि एक उचलला.
"खोटं," कुसुम म्हणते.
"हो, खोटं. दोन उचलले."

कमरेचा पट्टा लागेना.
शेजारी पांढऱ्या झग्यातले एक फादर.
त्यांनी स्वतःचा लावलेला सोडला, परत लावला,
परत सोडला: असं, अम्मा. असं.
पहिलीतल्या पोराला
पाटीवर अ काढून दाखवावा तसं.

मग ते धावलं.
एसटी उतारानं सुटते तसं नाही गं,
बैल उधळतो तसंही नाही.
पाठीला कुणाचा तरी भला मोठा तळहात,
आणि पोटात, उसाच्या गाडीवरून उडी टाकल्यावर होतं ते,
फक्त उलटं, वरच्या बाजूला.
मी ओरडले नाही.
"ओरडलीस!"
बरं, ओरडले. थोडी.
फादरांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

ढग म्हणजे कापूस-बिपूस काही नाही.
रवी थांबवल्यावर ताकावर लोणी गोळा होतं, तसे.
आणि त्यांच्यावर आमच्याच विमानाची सावली,
टिकलीएवढी,
तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. पुरतं गोल.
हे मला कुणीच कसं सांगितलं नव्हतं?

मग ढग फाटले. खाली नदी, वळसे घेत.
चहा देणारी पोर मणिपूरची, थोइबी.
तिला विचारलं, ये नदी कौनसी?
तिला ठाऊक नव्हतं.
"रुको," म्हणाली, भिंतीवरचा फोन उचलला,
आणि जरा वेळानं छतातनं आवाज आला:
डाव्या हाताला कृष्णा. सांगली जिल्हा.
आज आपल्यासोबत तिथल्या एक आजी आहेत.

डाव्या अंगाच्या सगळ्या खिडक्यांशी डोकी वाकली.
टायवाली, टक्कलवाली, कानात बोंडं घातलेली.
दुष्काळाची बातमी नसताना
आपल्या जिल्ह्याकडं इतकी माणसं
कधी बघत होती का गं?

"आणि शेड?"
दर खेपेला इथं आल्यावर विचारतात.
शेड नाही दिसली.
हिरव्या जाळ्या नखाएवढ्या, किती तरी.
फादरांनी विचारलं, तुमची कुठली?
मी एकीवर बोट टेकवलं. काचेवर ठसा उठला.
कुणाची तरी होतीच की ती.
तिथंही कुणीतरी मान वर करून
चहा टाकायला सांगितलं असेल.

बेदाणे मूठमूठ वाटत गेले.
कोचीनला पोचेतो किलोभर उरले.
नात झोपलेलीच होती.

चहा येतो. बोटं धुऊन होतात.
हौसाबाईनं आजवर काही विचारलेलं नाही.
सत्तरी गाठली, मिरजेपलीकडं गेली नाही,
सोसायटीत भिशीचे पैसे मात्र साठतायत,
कशाला ते कुणाला सांगत नाही.
आज टोपली उचलता उचलता,
रस्त्याकडं तोंड करून म्हणाली,
"खिडकीची जागा देत्यात, का मागाय लागती?"

"मागायची, मावशे."

"बरं," म्हणाली,
आणि हिरव्यातला एक काळा
शोधून बाजूला काढला.